अबोला

गेल्या महिन्यात ऑफिसच्या जिन्यात मी एक खोटं बोलले आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. खोटं म्हणजे कुणाचं नुकसान होईल असं नाही, उलट ऐकणाऱ्याला बरंच वाटलं असेल, पण मलाच ते दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखं टोचत राहिलंय. आमच्या सेक्शनला एक मुलगा आहे, मुलगा म्हणजे असेल बत्तीस-तेहतीसचा, त्याचे वडील दिवाळीनंतर गेले. अचानकच. अंघोळीला म्हणून उठले आणि बाथरूमच्या दारात कोसळले. तेरावं वगैरे उरकून तो कामावर आला तेव्हापासून गप्पच आहे, एक्सेल उघडून बसतो आणि तोच सेल परत परत क्लिक करतो. साडेचारचा चहा आम्ही तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पितो, त्या दिवशी योगायोगानं दोघंच होतो. कागदी कपाची कड नखानं सोलत तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू का, राग नका मानू. तुमचा भाऊ गेला होता ना करोनात. तुम्ही लोक दर रविवारी जाता, प्रार्थना करता, गाणी म्हणता. त्यानं खरंच बरं वाटतं का?"

आणि मी म्हणाले, "हो रे. प्रार्थनेनं शांती मिळते. देव बळ देतो."

म्हणजे अगदी कॅलेंडरवर छापलेलं असतं तसं. आवाजसुद्धा माझा नव्हता, रेल्वे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटचा होता. तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "भारी आहे मॅडम. आमच्यात असं काही नाही." कप चुरगाळून डब्यात टाकला आणि वर गेला. मी तिथंच पायरीवर बसून राहिले, कारण आमच्यातही असं काही नव्हतं. निदान एप्रिल २०२१ मध्ये तरी नव्हतं.

ते दिवस सगळ्यांनीच बघितलेत, परत सांगत बसत नाही. रेमडेसिविरसाठी केलेले फोन, बेड आहे म्हणून सांगितलेल्या ठिकाणी गेल्यावर नसलेला बेड, सगळं तसंच. माझा धाकटा भाऊ एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नगरला वारला, बेचाळीस वर्षांचा होता. मी पुण्यात. जिल्हा ओलांडायला नुकताच ई-पास सुरू झालेला, तो मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी दफन बघितलं ते चुलतभावाच्या मोबाईलवर. निळ्या-पांढऱ्या पीपीई किटमधली चार माणसं, त्यात आमचं कोण आणि महापालिकेचं कोण ते कळत नव्हतं, मागं जेसीबीचा पिवळा हात दिसायचा, आणि व्हिडिओ सारखा अडकायचा. अडकला की ती चौघं वाकलेल्या अवस्थेत तशीच थांबायची, मग एकदम तीन पावलं पुढं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब फाटकाजवळ उभे होते, मास्कवर मास्क, त्यांनी शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, दोन मिनिटं काहीतरी वाचलं, वाऱ्यात एक शब्द ऐकू आला नाही. आणि कुणी गायलं नाही.

ज्यांनी आमच्याकडचं दफन बघितलंय त्यांनाच कळेल हे किती विचित्र आहे. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये माणूस मेला की गातात. घरातून शवपेटी निघताना गातात, रस्त्यानं गातात, माती टाकताना तर गातातच, बेसूर, रडत, नाक ओढत, पुढचं कडवं कुणाला आठवत नाही म्हणून पहिलंच दोनदा. पाठांतर असलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या सगळ्यांना ओढत नेतात. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, रस्त्यावरची माणसं वळून बघायची. पण त्या दिवशी मोबाईलमधून फक्त जेसीबीची घरघर आली आणि मला वाटलं, अरे, हे दफन नाही झालं, हे नुसतं पुरलं.

मग मेसेज यायला लागले. व्हॉट्सअपवर गुलाबाच्या चित्रावर वचनं. देवाची योजना आपल्याला कळत नाही. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. रोमकरांस पत्रातलं ते वचन मला एका दिवसात अकरा वेळा आलं, मी मोजलं. पाठवणाऱ्यांचा दोष नाही, त्यातल्या निम्म्यांच्या घरात तेव्हा कुणीतरी ऑक्सिजनवर होतं. पण एका ओळखीच्या बाईंनी फोन करून हळू आवाजात विचारलं, "घरात प्रार्थना कमी पडली होती का गं?" तेव्हा मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा आयुष्यात देवाला मराठीतली एक शिवी दिली. मोठ्यानं. स्वयंपाकघरात. नवरा वरण ढवळत होता, तो काही बोलला नाही, त्यानं फक्त गॅस बारीक केला.

दोन दिवसांनी नगरला पोचले. आईला बघून मला धक्का बसला. रडत नव्हती म्हणून नाही, आई तशी चारचौघांत रडणाऱ्यातली नाहीच. धक्का बसला कारण घर शांत होतं. माझी आई पहाटे पाचला उठून गाणारी बाई. बालवाडीत शिकवायची, त्यामुळं आवाज खणखणीत, गाणं आधी पेटीवर, पेटी जुनी झाली तेव्हा पेटीशिवाय, चहाचं आधण उकळेपर्यंत एक आणि दूध तापेपर्यंत दुसरं. आमची गाणी म्हणजे बरीचशी भजनाच्या चालीवरची. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे ना, की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, तर तो पूल आमच्या स्वयंपाकघरात रोज पहाटे वाजायचा. शेजारच्या जोश्यांच्या आजी म्हणायच्या, "तुमच्या आईचं सुरू झालं की मी देवाला पाणी घालते." आणि आता पाचला आई उठलेली, चहा झालेला, खुर्चीत बसलेली, मांडीवर तिचं ते काळ्या रेक्झिनचं पवित्र शास्त्र, त्यात झावळ्यांच्या रविवारचा वाळलेला क्रूस बाहेर डोकावतोय, आणि शास्त्र बंद. हात त्यावर ठेवलेले, एखाद्या झोपलेल्या मांजरावर ठेवावेत तसे.

मी म्हणलं, "आई, वाचत नाहीस?"

"नाही. माझा आणि त्याचा अबोला आहे."

मी आधी समजले नाही. मला वाटलं भावाबद्दल म्हणतेय. मग तिनं हनुवटीनं वर इशारा केला. "मी त्याला सांगितलं होतं, मला ने. स्पष्ट सांगितलं होतं. शहात्तर वर्षांची बाई मोकळी बसलीय इथं, अन् हा उचलून नेतो दोन लेकरांच्या बापाला. आता काय बोलायचं? मी नाही बोलणार." मी घाबरले. खरंच सांगते, शिवी देणारी मी, पण आईचं ऐकून घाबरले. मी तिला समजावायला लागले, आई असं नको म्हणूस, वगैरे, तेच गुलाबाच्या चित्रावरचं. ती म्हणाली, "अगं मी काय घर सोडून चाललेय का? पप्पांचा अन् माझा अबोला नव्हता व्हायचा? महिना महिना. पण ताट वाढायचेच ना मी. अबोला घरातल्या माणसाशी असतो. रस्त्यावरच्याशी कोण अबोला धरतं."

हे वाक्य तेव्हा मला नुसतं आईचं फटकळ बोलणं वाटलं.

पुण्याला परत यायच्या आदल्या रात्री तिनंच काढलं. म्हणाली, मी नाही वाचणार, पण तू वाच आणि मी ऐकते, तेवढं चालतं. जसं भांडण झालं की पोरांच्या हातून निरोप जातात, "जा, पप्पांना सांग जेवण झालंय," तसं. म्हणून १ मे पासून आम्ही सुरू केलं. रोज रात्री नऊला फोन, स्पीकरवर, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र. पहिल्यापासून क्रमानं, जे येईल ते, निवडानिवड नाही. तारीख आणि स्तोत्राचा आकडा मे महिन्यात बरोबर जुळायचा, त्यामुळं विसरायला व्हायचं नाही.

आता, मी जन्मापासून मंडळीत वाढलेली, शब्बाथ शाळेत तेविसावं पाठ म्हणून दाखवून पेन्सिल बक्षीस मिळवलेली. स्तोत्रसंहिता मला माहीत आहे असा माझा समज होता. पण मला माहीत होती ती बावनकशी पंचवीस-तीस स्तोत्रं, जी उपासनेत वाचतात, लग्नाच्या पत्रिकेवर छापतात. क्रमानं वाचायला लागल्यावर कळलं की त्या पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसती रडारड आहे. तक्रार आहे. हिब्रूत त्या पुस्तकाचं नाव तेहिल्लीम, म्हणजे स्तुती, आणि आत उघडून बघावं तर तेरावं, किती वेळ, किती वेळ मला विसरणार आहेस, सारखं तेच विचारतोय. चव्वेचाळिसावं तर सरळ म्हणतं, ऊठ, झोपलास काय. देवाला! एकोणसत्तराव्यात गळ्यापर्यंत पाणी आलंय. आणि हे सगळं पवित्र शास्त्रात बांधून, सोनेरी कडा लावून, अडीच-तीन हजार वर्षं माणसांनी जपून ठेवलंय, कुणी खोडलं नाही. आई फोनवर मधेच "हं" म्हणायची. तेराव्याला म्हणाली, "बरोबर विचारलंय." चव्वेचाळिसाव्याला हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

मला उगाच वाटायचं की हा भांडखोरपणा आमच्या घरचा. पण मग आठवलं की हा तर आपल्याकडचा जुनाच प्रकार आहे, जनाबाईनं विठोबाला काय कमी शिव्या घातल्यात? तुकोबांनी त्याच्याशी रोखठोक भांडून हिशेब मागितलेत. ज्या पुलावरून आमचे पणजोबा-बिणजोबा आले त्याच्या दोन्ही टोकांना भांडणारी माणसं उभी होती. मधल्या मधे आम्हीच कधी एवढे सभ्य झालो कुणास ठाऊक. बहुतेक मिशनच्या शाळेत.

जुलै आला, नगरला पावसानं ओढ दिली होती आणि इकडं पुण्यात नुसती भुरभुर. २७ तारखेला अठ्ठ्याऐंशीवं होतं. मी संध्याकाळी आधीच डोळ्यांखालून घातलं आणि पोटात गोळा आला. कारण बाकीच्या रडक्या स्तोत्रांचं एक ठरलेलं वळण असतं, कितीही आक्रोश केला तरी शेवटी शेवटी "तरी मी तुझ्यावर भाव ठेवीन" असं काहीतरी येतं, माणूस वर येतो. एज्राही हेमानाचं हे अठ्ठ्याऐंशीवं वर येतच नाही. दिवसरात्र ओरडतोय, तू मला खळग्यात टाकलंस म्हणतोय, मेलेले उठून तुझी स्तुती करतात का असं विचारतोय, आणि शेवटी माझी जिवलग माणसं तू माझ्यापासून दूर केलीस म्हणतो, आणि अंधार. संपलं. मला वाटलं हे आजच्या रात्री आईला नको. तिला काय कळणार, एक आकडा गाळला तर. मी एकोणनव्वदावं सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील, फोनमधून आवाज आला, "काल सत्त्याऐंशी होतं."

मग वाचलं. वाचताना शेवटाला माझा आवाज फाटला, मी थांबले. पलीकडून पत्र्यावरून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, म्हणजे नगरला शेवटी पाऊस आला होता. बराच वेळ आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढं?"

"पुढं नाही आई. एवढंच आहे."

"एवढंच? असंच संपतं?"

"असंच."

ती परत गप्प. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. आणि मग आई म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, भाजी निवडताना बोलतात तसं, "बरं झालं कुणीतरी लिहून ठेवलं." आणि, "ठेव आता. झोप येतेय."

तिला त्या रात्री झोप लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा सलग, सकाळी साडेसहापर्यंत. हे वहिनीनं सांगितलं. मला लागली नाही, मी गॅलरीत बसून राहिले. मला कळत नव्हतं की जगातल्या सगळ्यात काळ्या कवितेनं माझ्या आईला झोप कशी लागली, आणि माझ्या मोबाईलमधल्या त्या गुलाबाच्या वचनांनी का नाही लागली.

माझी आजी, आईची आई, केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, वाढलेली. नगरचं केडगाव नाही, दौंडच्या अलीकडचं. रमाबाई गेल्या त्यानंतरच्या काळात ती तिथं आली, त्यामुळं तिनं बाईंना बघितलेलं नाही, पण बोलायची अशी की जणू बाई शेजारच्या खोलीत आहेत. आमच्याकडं रमाबाईंची गोष्ट सांगतात ती कायम विजयाची असते. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, पुढं भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा, पण बघा, त्यातून देवानं केवढं काम करून घेतलं. पण! या "पण"चा मला आताशा कंटाळा येतो. आजी सांगायची ती गोष्ट वेगळ्या ठिकाणी थांबायची. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, ती एकुलती एक मुलगी, चाळिशीतली, जिच्या भरवशावर सगळं सोपवायचं ठरलेलं. आणि रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. मधले नऊ महिने. त्या नऊ महिन्यांत ती म्हातारी बाई हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या भाषांतरावर बसलेली, तिथल्याच छापखान्यात मुक्तीच्या बायका छपाईचे खिळे जुळवायच्या, आणि ते अख्खं पुस्तक छापून आलं १९२४ मध्ये, बाई नसताना. आजीनं हे सांगताना कधी पण-बिण लावला नाही. ती म्हणायची, "बाई बसून राहिल्या." बस्स. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र बाईंनी कोणत्या दिवशी मराठीत आणलं असेल, मनोरमेच्या आधी की नंतर, हे मला कधीच कळणार नाही, पण गॅलरीत त्या रात्री मी तेवढाच विचार करत होते.

एवढं सगळं असूनही मी काही सुधारले नाही हं. उलट दिवाळीच्या सुमारास मीच कोसळले. आई जरा सावरली, भावाची मुलं शाळेला लागली, आणि मग माझं सुरू झालं. सकाळी उठताना पायात सिमेंट भरल्यासारखं. दात घासायला बेसिनपाशी जाऊन परत यायचे, ब्रश कोरडाच. रविवारी उपासनेला जायचे, पहिल्या गाण्याला उभी राहायचे आणि तोंडातून सूर निघायचा नाही, गाण्याची वही समोर उघडी धरून मी पुढच्या बाईच्या अंबाड्यातल्या पिना मोजायचे. सात. कधी आठ. शेवटी नवऱ्यानं डॉक्टरकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या. मंडळीतल्या एका भल्या गृहस्थांना कुठून तरी कळलं, ते म्हणाले, ताई, गोळ्या घेणं म्हणजे एका अर्थी अविश्वासच की, उपवास-प्रार्थना करू या आपण. मी हो हो म्हणलं, आणि खरं सांगायचं तर तीन दिवस गोळ्या बंद ठेवल्या. नऊच्या फोनवर आईच्या लक्षात आलंच. तिनं काढून घेतलं सगळं माझ्याकडून. मग म्हणाली, "एलीया माहितीये ना?"

माहीत होता. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी आणणारा मोठा संदेष्टा, दुसऱ्याच अध्यायात राणीला घाबरून रानात पळतो, एका झुडुपाखाली बसून देवाला म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे, आणि झोपतो.

"मग देवदूतानं येऊन काय केलं? उपदेश केला? उपवास सांगितला? भाकर भाजून ठेवली होती निखाऱ्यावर. अन् पाणी. म्हणला ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला. देवदूतानं परत उठवून परत खायला घातलं. दोनदा! नाव-गाव, काम-धंदा, इथं काय करतोस, ते सगळं देवानं नंतर विचारलं, चाळीस दिवसांनी. तू गोळ्या घे अन् त्या गृहस्थाला सांग माझ्या आईशी बोला."

ज्याच्याशी अबोला त्याचंच पुस्तक पुढं करून भांडणारी बाई. मी त्या रात्री खूप दिवसांनी हसले. गोळी घेतली. आणि हेही खरं की त्या पूर्ण हिवाळ्यात आमच्या दाराशी आठवड्यातून दोनदा एक स्टीलचा डबा यायचा, मंडळीतल्या एक मावशी, ज्यांच्याशी माझं फारसं बोलणंही नव्हतं, त्या नातवाच्या हातून पाठवायच्या. बाजरीच्या भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या, फडकं वाफेनं ओलं झालेलं, सोबत ठेचा किंवा पिठलं. चिठ्ठी नाही, वचन नाही, "कशी आहेस" नाही. रिकामा डबा धुऊन परत द्यायचा एवढीच अपेक्षा. मला कधी कधी वाटतं की त्या वर्षभरात माझा विश्वास असा काही नव्हताच, मी दुसऱ्यांच्या विश्वासावर जगत होते, उसनवारीवर, शेजारून वाटीभर साखर आणावी तशी. माझ्या वाटची प्रार्थना कुणीतरी करत होतं, गाणं कुणीतरी म्हणत होतं आणि मी फक्त त्या आवाजात उभी होते, पिना मोजत.

२०२२ च्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी नगरलाच होते. बारा ते तीनची उपासना, एप्रिलचं ऊन, वर पंख्यांची घरघर, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जणांचे संदेश, त्यातले दोन तरी लांबणारच. चौथ्या उद्गाराची पाळी आली. तो आमच्या मराठी शास्त्रातही मुळातल्या शब्दांसकट ठेवलाय, एलोई, एलोई, लमा सबख्थनी, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. बोलणारे गृहस्थ याचा खोल अर्थ सांगायला लागले, की हा त्याग खरा त्याग नव्हे वगैरे. आईनं मला कोपरानं ढोसलं. "बाविसावं आहे ते. तू २२ मेला वाचलेलंस." मग थोड्या वेळानं, आपल्याला वाटतं हळू पण दोन बाकांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "त्यालापण त्या दिवशी उत्तर मिळालं नाही बाई."

ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्थानात गेलो. अंधार होता अजून. मेणबत्त्या घेऊन माणसं आपापल्या कबरी शोधत होती, कुणी मोबाईलचा टॉर्च मारून नाव वाचत होतं, झेंडू आणि मेणाचा मिसळलेला वास, आणि ओल्या मातीचा, कारण कुणीतरी पाणी शिंपडलं होतं. भावाची कबर नवीन भागात, त्या सगळ्या एकाच महिन्यातल्या कबरींच्या रांगेत. तिथं उभं राहिल्यावर माझ्या डोळ्यांसमोर परत ती अडकलेली चार माणसं आली. वहिनीनं मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझली, परत लावली. गावं असं वाटत होतं पण सुरुवात कुणी करेना. तेवढ्यात मागच्या रांगेत दुसऱ्याच कुणाच्या तरी कबरीपाशी एक कुटुंब गायला लागलं, नेहमीचंच गाणं, आणि दोन ओळींनंतर शेजारचे त्यात मिसळले, मग आमच्या डावीकडचे, अंधारात कोण गातंय ते दिसत नव्हतं. भावाची धाकटी मुलगी गायला लागली. मी पण. माझा सूर फाटका, खालचा, पण निघाला. एक वर्ष उशिरा आम्ही त्याला व्यवस्थित गाऊन पोचवलं असं मला वाटलं, आणि ते दुसऱ्याच्या घरच्या गाण्यावर. आईकडं बघायचं धाडस होत नव्हतं. बघितलं तेव्हा ती मेणबत्तीला पदराचा आडोसा धरून उभी होती. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

परत येताना रिक्षात विचारलं, "सुटला का अबोला?"

"छे. चाल ओळखीची होती म्हणून."

तर हे. यातलं काय सांगणार होते मी त्या मुलाला साडेचारच्या चहाला? शांती मिळते, हे सांगायला दोन सेकंद लागले. पण मला वाटतं मी वेळ नव्हता म्हणून खोटं नाही बोलले. मला वाटलं हा परक्या धर्मातला मुलगा विचारतोय तर आपल्या देवाची बाजू नीट मांडली पाहिजे. जसं बाहेरच्यांसमोर घरातलं भांडण झाकतो आपण. आणि झाकता झाकता मी त्याला सांगून बसले की आमच्याकडं दुःखावर इलाज आहे आणि तुझ्याकडं नाही.

गेल्या रविवारी उपासना झाल्यावर त्याच्या घरी गेले. कात्रजला राहतो, तिसरा मजला. डब्यात बाजरीच्या भाकरी नेल्या होत्या, माझ्या काही त्या मावशींसारख्या होत नाहीत, कडा चिरतात. त्याची आई आत झोपली होती. हॉलमध्ये वडिलांचा फोटो, हार सुकलेला, टीव्हीच्या बाजूला देव्हारा. मी म्हणलं, "त्या दिवशी मी तुला बरोबर सांगितलं नाही." आणि मग आईचं सांगितलं, अबोल्याचं. अठ्ठ्याऐंशीव्याचं. तो ऐकत होता, बघत देव्हाऱ्याकडं होता. म्हणाला, बाबा रोज पूजा करायचे, ते गेल्यापासून त्यानं दिवासुद्धा लावलेला नाही, आई लावते. त्याला वाटत होतं आपण नास्तिक झालोय. नंतर बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. बायबलमधल्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र, पुढं कितीही वाईट बोलले असले तरी, आधी सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसून होते, त्यांचं तेवढं एकच मला नेहमी आवडतं. आम्ही काही सात दिवस बसलो नाही, वीसेक मिनिटं असतील. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, किक मारत होतं, लागत नव्हती.

निघताना दारात त्यानं विचारलं, "मग तुमच्या आईचा सुटला का, अबोला?"

म्हणलं, विचारून सांगते.

आता चार वर्षं होऊन गेली, नऊचा फोन चालूच आहे. दीडशे संपली की परत एकपासून. एकशे एकोणिसाव्याला आम्ही दोघी वैतागतो, एकशे शहात्तर ओव्या, आलेफ, बेथ करत हिब्रू बाराखडीची सगळी बावीस अक्षरं, आई म्हणते बालवाडीच्या बाईनंच लिहिलं असणार. मधे एकदा तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं तेव्हाही वाचलं होतं, तिथल्या कॉटवर, शेजारची पेशंट पण ऐकत होती. तर रविवारी रात्री फोन लावला. मागं कुकरची शिट्टी, वहिनीचा आवाज, कुणाचं तरी रिझल्टबद्दल काहीतरी. मी म्हणलं, "आई, ऑफिसातला तो मुलगा विचारत होता. तुझा अबोला सुटला का?"

"कोण मुलगा? जेवला का तो?"

"जेवला असेल. तू सांग ना, सुटला का?"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग फोन स्पीकरवर टाकल्याचा, मग तिचा चष्मा टेबलावर ठेवल्याचा.

"वाच तू," आई म्हणाली. "काल कुठं होतो आपण?"